वचून येतां

सप्तकोटेश्वराची शपथ घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. मोठ्यानं सांगते, म्हणजे शेजारच्या सिद्धीलाही ऐकू जाईल. ती म्हणते, आजीच्या दहा गोष्टी ऐकल्या तर त्यातल्या अकरा खोट्या. यातलं काही खोटं निघालं तर माझ्या दारच्या माडाला उद्यापासून नारळाच्या जागी दोडकी लागोत. झालं? आता ऐका.

शुक्रवार होता, म्हापशाच्या बाजाराचा दिवस, आणि साखळीहून सुटलेल्या बसमध्ये कृष्णनाथ खिडकीकडं बसला होता. मांडीवर रिकामी पिशवी. जानकीनं सांगितलेल्या वस्तू विसरू नयेत म्हणून तो त्या बोटांच्या पेरांवर घोळवत होता: सुके बांगडे, हरमलच्या मिरच्या, मोयऱ्याची केळी. पंचाहत्तरीचा माणूस, डोक्यावर केस नाहीत, पण भुवया इतक्या दाट की चिमणीनं आत घर केलं तरी त्याला पत्ता लागायचा नाही. बस नव्या सर्कलीला वळली. गेल्या शुक्रवारपर्यंत तिथं मधोमध नुसता सिमेंटचा खांब होता. आज खांबावर विमान होतं. नाक वर केलेलं, एका कुशीवर कललेलं, आता सुटतंय की मग सुटतंय असं. अंगावरची निळी ताडपत्री अर्धी खाली ओढलेली. विमान बघून कृष्णनाथ दचकला नाही. विमानात त्याचा जन्म गेला होता. दचकला तो चाकाच्या पायाशी फडफडणाऱ्या लाल फितीला. पिन राहिली होती. जमिनीवर चाकं मिटू नयेत म्हणून लावतात ती, आकाशात निघालेल्या विमानाची पिन काढायची राहिली होती. आणि त्याचा उजवा हात त्याला न विचारता पुढं गेला, ओढायला गेला, आणि पुढच्या सीटवरच्या बाईच्या आबोलीच्या फातीत, गजऱ्यात अडकला.

"आगे माय! आज्या, कितें तें? केंस ओडटा म्हजे!"

"पिन रावली," कृष्णनाथ म्हणाला.

"म्हजी? खंय पडली?" ती बाई आपलं डोकं चाचपायला लागली. तिच्या मागं-पुढंही दोघी-तिघींनी आपापले आंबाडे तपासले. तोवर कृष्णनाथ उठून दाराशी पोचला होता. कंडक्टर म्हणाला, "हांगा देंवून कितें करतलो, आज्या? बाजार फुडें आसा." कृष्णनाथाला ते ऐकूच गेलं नाही. त्याच्या कानात वेगळाच आवाज भरला होता, आधी बारीक शिट्टीसारखा, मग छातीच्या फासळ्या हलवणारा, आणि त्या आवाजात माणसाचं बोलणं कधी ऐकू येत नसे. म्हणून तर जे काय बोलायचं ते आवाज सुरू व्हायच्या आधी बोलून घ्यायचं असतं.

सरकारदरबारी त्या स्क्वाड्रनचं नाव काय असेल ते असो. त्यांच्या विमानांच्या शेपटीवर खंड्या पक्षी काढलेला, सूर मारतानाचा, म्हणून सगळे त्याला खंड्याच म्हणत. पोर्तुगीज गेले, दाबोळीला ही विमानं आली, तेव्हा कृष्णनाथ नार्व्यात बापाबरोबर वायंगणाच्या, उन्हाळी भाताच्या चिखलात गुडघाभर उभा होता. डोक्यावरून तीन विमानं गेली. नदीचं पाणी थरथरलं, बैल दावं तोडून पळाला, आणि नार्व्याच्या कोंबड्यांनी त्या दिवशी दोन-दोन अंडी घातली. माझ्या आत्येच्या कोंबडीनं तर तीन घातली, आणि तिसऱ्यातून पिल्लू थेट उडतच निघालं. बाप बैलामागं धावला. कृष्णनाथ मात्र चिखलातच राहिला, तोंड उघडं टाकून. पुढं तो नौदलात गेला आणि फिरत फिरत त्याच खंड्यांच्या पोटाखाली येऊन उभा राहिला. उडणारे निराळे, आणि उडवून देणारे निराळे. कृष्णनाथ उडवून देणाऱ्यांतला. लढाईच्या वर्षी तो जहाजावर होता. डेकवर वारा असा की माणसानं माणसाला धरून चालायचं. त्यानंतर जुनी विमानं गेली, नवी आली, जाग्यावर उभी राहून देवचारासारखी खाली उतरणारी. तीही म्हातारी झाली. शेवटच्या दिवशी बंबांनी त्यांच्यावर पाण्याच्या कमानी धरल्या, बायकांनी टाळ्या वाजवल्या, असं सगळं नातवानं, साईशनं, फोनवर दाखवलं. कृष्णनाथाला बोलावणं होतं. तो गेला नव्हता. गुडघे दुखतात म्हणाला. आता शेपटीवरचा खंड्या कुठल्याशा नव्या विमानांना दिलाय म्हणतात. पक्षी तोच, झाड निराळं. एवढा इतिहास, भाषणात तो तासभर पुरतो, पण सर्कलीच्या कठड्याला टेकून उभ्या राहिलेल्या कृष्णनाथाला त्यातली लढाई आठवत नव्हती, बंबही आठवत नव्हते. आठवत होती एक शिडी.

विमानाच्या कुशीला लावलेली ती लोखंडी शिडी. तिच्यावर चढून तो पायलटाला खुर्चीत बांधायचा, लहान मुलाला झोळीत बांधतात तसा. पट्टे ओढायचे, टोपीवर टिचकी मारायची. आणि मग खाली उतरण्याआधी, अजून इंजिनाची शिट्टी सुरू झालेली नसायची तेव्हा, तो त्याच्या कानाशी वाकून म्हणायचा, "वचून यो." म्हणजे जाऊन ये. हे कुणी शिकवलेलं नव्हतं, कुठल्या नियमात नव्हतं. घरातून निघणाऱ्याला 'जा' म्हणायचं नसतं, निघणाऱ्यानं 'जातो' म्हणायचं नसतं, हे नार्व्याच्या पोराला आईच्या दुधाबरोबर कळतं. दिवसभर तो ज्यांना 'सर, सर' करायचा त्यांना एवढ्या दोन शब्दांपुरतं 'तू' म्हणायचा. आधी ते हसायचे. मग सवय लागली. मग भीती लागली. एकदा विसरलं म्हणून अमृतसरचा एक सरदार शिडी काढू देईना. त्यांनी उत्तर द्यायचं असायचं, "येतां," म्हणजे येतो. तंजावरचा एकजण ते असं म्हणायचा की जसा काही शिंकतोय. म्हटल्याशिवाय झाकण बंद व्हायचं नाही. त्यानंतर मुकी कामं. पिना ओढायच्या, त्यांच्या लाल फिती मुठीत धरून हात उंच करायचा, पायलटानं आतून त्या मोजायच्या, अंगठा दाखवायचा. सलाम. आणि विमान सुटलं की हलायचं नाही. जाणारा वळणाआड होईपर्यंत दाराला कडी घालत नाहीत, केर काढत नाहीत, पाठ तर मुळीच करत नाहीत. तसा तो तापलेल्या सिमेंटवर उभा राहायचा, विमान ठिपका होऊन संपेपर्यंत. बाकीचे चहाला गेलेले असायचे. "कृष्णनाथ, तुजी च्या निवली रे!" असं कुणीतरी ओरडायचं. तो निवलेला चहा प्यायचा. आणि विमानाच्या झाकणाखाली डाव्या कुशीला पायलटाचं नाव, उजव्या कुशीला उडवून देणाऱ्याचं, अशी खंड्यांची रीत होती. नवरा-बायकोचं नाव लग्नपत्रिकेवर असतं तसं, जानकी म्हणायची, आणि तोंड वाकडं करायची.

"आज्या, सकयल रावूं नाका. रंग पडटलो टकलेर."

वर बांबूच्या परांचीवर एक माणूस बसला होता. डिचोलीचा विठू पेंटर. खाणी चालू होत्या तेव्हा ह्यानं शेकड्यांनी ट्रक रंगवले. मागच्या फळीवर कमळं, मोर, 'आई सातेरी प्रसन्न'. खाणी थांबल्या, ट्रक गंजले, विठूचे ब्रश सुकले. "आतां हें," तो विमानाच्या पोटावर थाप मारून म्हणाला. "ट्रकांवेल्यान विमानांचेर. मोर काढूं दिनात. हांवें म्हळें, मागल्यान एक ल्हान मोर? मुकादम म्हणटा, ना."

"ती पिन काढ," कृष्णनाथ म्हणाला.

"खंयची? ती लाल रिबन? बरी दिसता ती. दिश्ट लागना विमानाक."

"पिन आसल्यार चाकां वयर वचनात."

विठूनं ब्रश थांबवून खाली पाहिलं. आधी कृष्णनाथाकडं, मग खांबाकडं, खांब जिथं विमानाच्या पोटात शिरला होता तिथं. "आज्या," तो जरा मऊपणानं म्हणाला, "हें खंयच वचना. आनी हांवें ओडली आनी अख्खें विमान सकयल आयलें जाल्यार? म्हाका बायल-भुरगीं आसात." मग त्यानं अंग बाजूला केलं, आणि त्याच्या कोपराआड होती ती अक्षरं दिसली. ओली, पांढरी. लेफ्टनंट रामचंद्र केरकर. कृष्णनाथाला आधी वाटलं, ऊन डोळ्यांत गेलं. रामचंद्राचं विमान हे नव्हे. रामचंद्राचं विमान अरबी समुद्राच्या तळाशी आहे, त्याच्यासकट. "पेडण्याचोच पायलट, केरीचो," विठू सांगत होता. "मान म्हूण ताचें नांव घालतात. दुसऱ्या कुशीक कोणाचें तें अजून कळूंक ना. ताची भयण येतली आयतारा. ती सांगतली." उजवी कूस कोरी होती. नुसती करडी. कृष्णनाथ सर्कलीतून बाहेर आला तेव्हा एका टिपरवाल्यानं त्याला शिवी घातली. म्हापशाला तो गेलाच नाही. समोरून आलेल्या बसला हात केला आणि रिकामी पिशवी घेऊन घरी.

"सुके बांगडे?" जानकीनं पिशवी उलटी करून झटकली. त्यातून बसचं तिकीट पडलं. "हें तळून घालूं जेवणांत?" कृष्णनाथ कदेल ओढून बसला. तिनं पाणी आणून दिलं, त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "कितें जालें?" त्यानं सांगितलं. सर्कल, पिन, नाव, आयतार. जानकी खिडकीची झडपं लावायला उठली होती ती तिथंच उभी राहिली. मग म्हणाली, "सुविधा येतली? रामचंद्राची भयण?" त्यानं मान हलवली. "ती विचारतली," जानकी म्हणाली. त्याला हेच नको होतं, कुणी ते मोठ्यानं बोलायला. कारण विचारणार हे त्याला ठाऊक होतं. इतकी वर्षं झाली, पुन्हा कुणी विचारलं नव्हतं, म्हणून तो जगला होता. पेडण्याच्या रस्त्याला तो जात नसे. मोपाचा विमानतळ झाला तेव्हा साईशनं सगळ्यांना गाडीत घालून बघायला नेलं, तेव्हाही पेडणं येताच आजोबांनी डोळे मिटून घेतले आणि पोरं म्हणाली, आजोबा निजले. तो निजला नव्हता. डोळ्यांच्या आत केरीची खाडी होती, सुरूची झाडं, आणि एका ओसरीवर पांढऱ्या केसांची बाई.

रामचंद्र हा खंड्यांतला एकटाच गोंयकार. इतरांसमोर सर आणि कृष्णनाथ, पंखाखाली दोघंच असले की रामचंद्र उकिडवा बसून विचारायचा, "जानकीवैनीन आज कितें रांदलां?" बोटीवरच्या जेवणाला शिव्या द्यायचा. लग्न झालेलं नव्हतं. त्या वर्षी नागपंचमीला त्यानं कबूल केलं होतं, जेवायला येतो, पातोळ्या वैनीच्या हातच्या. जानकी पहाटे उठून हळदीची पानं धूत होती. वास्कोच्या त्या दोन खोल्यांत पानांचा वास असा भरला की वरच्या मजल्यावरचा बंगाली खाली येऊन विचारून गेला, तुमच्याकडं पूजा आहे का. खतखतें केलं, पातोळ्या उकडल्या, केळीचं पान मांडलं. बारा वाजले, एक वाजला. पोरं जेवली. कृष्णनाथ जेवला नाही. नवा सदरा घालून खिडकीत उभा राहिला, सोयरीक बघायला येणाऱ्यांची वाट बघावी तसा. ताट झाकून ठेवलं. संध्याकाळी जानकीनं झाकण काढलं आणि पातोळ्या गाईला घातल्या. ती नुसतं इतकंच म्हणाली, "सायब लोक ते." ते एवढंसं वाक्य कृष्णनाथाच्या नखात कुसळासारखं शिरलं. रात्रभर ते ठसठसलं. खरंच सायब लोक ते. आपण त्यांना कानात 'तू' म्हणतो म्हणजे आपण घरचे झालो काय?

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला होता. सिमेंटवर डबकी, डबक्यांत आकाश. रामचंद्र शीळ घालत आला, टोपी काखेत. शिडी चढताना हसून म्हणाला, "कृष्णनाथ, पातोळ्यो उरल्यात मगो?" कृष्णनाथानं पट्टा ओढला. जरा जास्तच ओढला. "घट्ट आसा, सर?" म्हणाला. इतरांसमोर म्हणायचा तसं, दोघंच असताना. रामचंद्राचं हसू तसंच राहिलं पण डोळ्यांतून उतरलं. "आयक रे—" असं काहीतरी तो म्हणायला लागला होता. कृष्णनाथानं टोपीवर टिचकी मारली. आता त्या दोन शब्दांची वेळ. रामचंद्रानं सवयीनं मान कलती केली, कान पुढं केला. तो कान. टोपीच्या काठाखालून दिसणारी कानाची पाळी, तिच्यावर दाढी करताना राहिलेला साबणाचा एक सुकलेला ठिपका. कृष्णनाथाला जगातलं बाकी काही आठवलं नाही तरी तो ठिपका आठवतो. तो बघत राहिला आणि गप्प राहिला. कट्टी. पोरं घेतात तशी. येऊ दे परत, मग बोलू. मग जरा रडवू त्याला. मग जानकीच्या पाया पडायला लावू. असा सगळा बेत त्यानं शिडीच्या पायऱ्या उतरता उतरता केला. पिना ओढल्या, दाखवल्या, अंगठा आला, सलाम झाला. काम चोख. आणि विमान हललं तसा कृष्णनाथ पाठ फिरवून चहाकडं चालायला लागला. जन्मात पहिल्यांदा गरम चहा प्यायला. आणि वळणावर, धावपट्टीला लागायच्या आधी, रामचंद्रानं मान वळवून मागं पाहिलं. जिथं दर वेळी कृष्णनाथ उभा असायचा तिथं रिकामं सिमेंट आणि एक डबकं होतं. ते पाहणं कृष्णनाथाच्या पाठीत अजून आहे. पावसाळ्यात दुखतं.

चौकशी झाली. पक्षी, म्हणाले. इंजिनात पक्षी. पिना बरोबर, पट्टे बरोबर, कृष्णनाथाला कुणी बोट लावलं नाही. कुणीतरी लावलं असतं तर बरं झालं असतं. होड्या गेल्या, जहाज गेलं, पंखाचा एक तुकडा मिळाला. रामचंद्र मिळाला नाही. मग कृष्णनाथ केरीला गेला. ओसरीवर माणसं बसली होती, आत बायका. ओसरीवरून समुद्र दिसत होता, आणि सगळे समुद्राकडं पाठ करून बसले होते. फक्त रामचंद्राची आई तोंड करून. तिला खंड्यांची रीत ठाऊक होती, पोरगा सुट्टीवर आला की नक्कल करून दाखवायचा. तिनं कृष्णनाथाला जवळ बोलावलं आणि विचारलं, "तुवें सांगिल्लें न्ही रे, बाबा? वचून यो म्हूण?" कृष्णनाथानं मान हलवली. होय म्हणून. "मग?" ती म्हणाली. नुसतं 'मग'. पुढं काही नाही. उठताना तो म्हणाला, "वचून येतां, आई," आणि ती म्हणाली, "यो. पंचमेक यो." तो गेला तो गेला. त्या 'मग'चं त्याला भय बसलं. रात्री-अपरात्री त्याला वाटायचं, ती म्हातारी अजून वाट बघत असेल. आपण मान हलवली, म्हणून. ज्याला 'ये' म्हटलंय तो येणारच, म्हणून ती दार उघडं टाकून निजत असेल. समुद्राचं वारं घरात येत असेल. एक पोस्टकार्ड पुरलं असतं. दोन तासांची बस होती. पुढं कुणाकडून तरी कळलं की ती वारली, तेव्हा त्याला सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं म्हणून त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

आयतारी जानकीनं त्याला इस्त्रीचा सदरा काढून दिला. "हांव येतां बरोबर," म्हणाली. "तुमी वाटेर देंवून पळून वतले." बसमध्ये कृष्णनाथ मनात वाक्यं जुळवत होता. सुविधाताई, मी सांगितलं नव्हतं. सुविधाताई, तुझ्या आईला मी फसवलं. मग दुसरं मन म्हणायचं, म्हातारा झालास, पुन्हा एकदा मान हलव आणि मोकळा हो. ती बिचारी काय मागतेय, एवढंच ऐकायला आली असेल. मान हलवणं किती सोपं. बोटही उचलावं लागत नाही.

सुविधा आधीच आलेली होती. पेडण्याच्या शाळेत तिचा जन्म मराठी शिकवण्यात गेला. आता काठी, जाड भिंगं, पण उभी राहते ती वर्गात उभी राहिल्यासारखी. भावाचा कान तिलाही होता, तसाच, जरा पुढं आलेला. कृष्णनाथानं तिच्याकडं न बघता कानाकडं बघितलं आणि जुळवलेली सगळी वाक्यं सांडली. सुविधा विठूशी हुज्जत घालत होती.

"मोर नको म्हटलं ना एकदा."

"बाय, ल्हान—"

"नको." मग ती वळली. बराच वेळ बघत राहिली. "कृष्णनाथ," ती म्हणाली. "तुमच्या भुवया पांढऱ्या झाल्या. नाहीतर ओळखलं असतं लांबून." जानकीला नमस्कार केला. मग परत त्याच्याकडं. "मी एकच विचारायला बोलावणार होते तुम्हाला. बरं झालं, स्वतःच आलात."

आलं, कृष्णनाथाला वाटलं. त्यानं तोंड उघडलं, "सुविधाताई, हांवें ताका त्या दिसा—"

"ते नका सांगू. ते ठाऊक आहे." तिनं काठी हलवली. "आईनं विचारलं तेव्हा तुम्ही मान हलवलीत आणि पायांकडं बघितलंत. तुम्ही उठून गेलात तशी आई म्हणाली, ह्यानं सांगितलेलं नाही. म्हणाली, पोराला कुणी काही बोलू नका. मी ते विचारत नाही. मी विचारतेय, तुम्ही परत का आला नाहीत?"

कृष्णनाथाला प्रश्नच कळला नाही. सर्कलीभोवती एक रिकामा टिपर धडधडत गेला.

"वचून येतां म्हणून गेलात. आईला शब्द देऊन गेलात. ती पंचमी, तो तुमच्याकडं जेवायला येणार होता ना? आईनं धरून ठेवलं त्याला. सकाळी केरीला आला होता, तासाभरासाठी, आणि तिनं सोडलंच नाही. म्हणाली, कृष्णनाथाकडं फुडल्या वर्सा वच. तिच्या मनाला ते लागून राहिलं. दुसऱ्याच्या घरचं वाढलेलं ताट आपण उष्टं न होताच फुकट घालवलं म्हणून. मग ती मरेपर्यंत दर पंचमीला तुमचं ताट वाढायची. झाकून ठेवायची. मी म्हणायचे, अगं, तो काय येतोय आता. ती म्हणायची, येतां म्हणून गेलाय तो. रामाची वाट ती कधीच बघत नव्हती हो. समुद्र बघितला की माणसाला कळतं. ती वाट बघायची ती तुमची."

जानकीनं पदर तोंडाला लावला. कृष्णनाथाला हळदीच्या पानांचा वास आला, वास्कोच्या खोल्यांतला की केरीच्या घरातला ते कळेना. एक ताट झाकलेलं, दुसरं ताट झाकलेलं, मधे सगळा गोवा आणि सगळी वर्षं, आणि दोन्हींतल्या पातोळ्या गाईला. तो काय सांगणार होता? भय वाटलं, हे? ज्याची भीती बाळगून तो पळाला ती गोष्ट त्या घरात पहिल्याच दिवशी माफ होऊन पडलेली होती, कुणी उचलायला आलंच नाही. तो म्हणाला, "म्हाका दिसलें, ती रडटली." सुविधा म्हणाली, "रडली असती. त्यात काय."

मग ती म्हणाली, उजव्या कुशीला तुमचं नाव घालायला सांगणार आहे, नाही म्हणू नका, रामाच्या विमानाला एकच कूस कशी असेल. कृष्णनाथ फितीकडं बघत होता. "आदीं ती पिन," म्हणाला. विठूनं शिडी लावली; आज तो हसला नाही, शिडी धरून उभा राहिला. जानकी म्हणाली, "पडशात," आणि पदर खोचून तिनं शिडीचा दुसरा पाय धरला. कृष्णनाथ चढला. पिन गंजली होती, रंगानं चिकटली होती. त्यानं ती जरा फिरवली, जरा मागं, मग ओढली, आणि ती आली, बोटांना सगळं आठवत होतं. विमान खाली पडलं नाही. तसाच तो वर सरकला, झाकणापर्यंत पोचण्याइतकी शिडी नव्हती, तरी त्यानं मान वर केली आणि म्हणाला. काय ते विठूला ऐकू आलं नाही, जानकीला आलं. खाली उतरून तो मोकळ्या जागी गेला, फीत मुठीत धरून हात उंच केला, थांबला. कुणीतरी मोजायला पुरेल इतका. मग सलाम केला. मग उभा राहिला.

आणि तिथं घोटाळा झाला. विमान सुटलं की पाठ करायची नाही, ते ठिपका होऊन संपेपर्यंत. पण हे सुटेना. सिमेंटात रुतलेलं, नाक वर करून निघालेलं, आणि निघतच राहिलेलं. कृष्णनाथ उभा. म्हापशाची बस गेली, डिचोलीची आली, गेली. ऊन डोक्यावर आलं. विठूनं परांचीवरून उतरून पोई आणि भाजी खाल्ली. जानकीनं दोनदा हाक मारली. त्याला पाठ करता येईना. एकदा केली होती.

शेवटी सुविधा काठी टेकत त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली, तिनंही वर बघितलं. "तो कुठं जातोय," ती म्हणाली. "पक्का बांधून ठेवलाय त्याला. ह्या वेळी तुम्हीच निघायचं. तो बघत राहील." आणि मग, वर्गातल्या विसरभोळ्या पोराला बजावावं तसं, "काय म्हणायचं असतं निघताना?"

कृष्णनाथाचे ओठ हलले. त्याला हे शब्द दुसऱ्याला म्हणायची सवय. स्वतः म्हटले ते एकदाच, त्या ओसरीवर. "वचून येतां," तो म्हणाला.

"या," सुविधा म्हणाली. "पंचमी आता पंधरवड्यावर आली. पानं माझ्या परड्यात आहेत. जानकीबाई, तुम्ही बघा हे बसमध्ये बसतात का."

तो निघाला. जानकी एका हाताला. दुसऱ्या हातात लाल फीत. सर्कलीच्या कठड्यापाशी पोचल्यावर तो थांबला आणि त्यानं मान वळवून मागं पाहिलं. सगळे तिथंच होते: विठू, सुविधा, आणि वर तो. कुणी पाठ केली नव्हती.

असं सगळं घडलं, शब्द न् शब्द. दोडकी लागायची नाहीत माझ्या माडाला. फक्त एक, आता माड माझ्याकडंच बघतोय म्हणून सांगून टाकते. त्या पंचमीच्या दुसऱ्या दिवशी, धावपट्टीच्या वळणावर रामचंद्रानं मान वळवून मागं पाहिलं, हे मी पदरचं घातलं. पाठ करून चहाकडं चाललेल्या माणसाला मागचं कसं दिसेल? कुणीच पाहिलेलं नाही ते. वळलाही असेल, नसेलही. पण हे कृष्णनाथाला सांगायला जाऊ नका. तो म्हणेल, मी तिथंच होतो.